बोरीखालचं पाणी

फेब्रुवारी सरत आला की ओमानमधल्या आमच्या बरका गावात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. दुपारचं ऊन टोचायला लागतं, आणि ज्या घरात दहावीचं पोर आहे त्या घरातला टीव्ही मुका होतो. यंदा शेजारच्या मळ्यावर राहणाऱ्या मल्याळी कुटुंबाची पाळी आहे. त्यांची मुलगी अंगणात येरझाऱ्या घालत घोकत असते, आणि कुंपणाच्या अलीकडे मी माठ धुवत तिचं ऐकत असते. अर्धं कळतं, अर्धं वाऱ्यावर जातं. पण घोकण्याचा तो सूर ऐकला की माझे हात आपोआप थांबतात.

माठ दोन आहेत. इथल्या बहला गावच्या कुंभारांकडचे, पिवळसर मातीचे, पोटाने मोठे. उन्हं तापायला लागली की मी ते फाटकाबाहेरच्या बोरीखाली, ओल्या वाळूत मांडते. वर झाकण, झाकणावर पेला. मळ्यांवरची माणसं पितात, मासळीबाजाराकडे जाणारे ड्रायव्हर गाडी थांबवून पितात, शाळेतून येणारी ओमानी पोरं पाणी कमी पितात आणि एकमेकांच्या अंगावर जास्त उडवतात. आमच्याकडे सगळे त्यांना 'रॉयचे माठ' म्हणतात. रॉय कोण, हे आता माझ्याशिवाय आणि आमच्या ह्यांच्याशिवाय इथे फारसं कुणाला माहीत नाही.

आमचे हे मूळचे गुहागरकडचे. शेतीचा डिप्लोमा करून आखातात आले आणि एका ओमानी मालकाच्या खजुराच्या बागेवर सुपरवायझर म्हणून टेकले ते टेकलेच. मालकाला इथे अर्बाब म्हणतात. बागेतच आम्हाला दोन खोल्या आहेत आणि पलीकडे अर्बाबचं जुनं मोठं घर. दहा-बारा वर्षांपूर्वी, आमची केतकी दहावीत होती त्या वर्षी, ते घर त्याने भाड्याने दिलं. "मिस्टर रॉय येणार, कॉलेजात शिकवतो," एवढंच त्याने सांगितलं. रॉय म्हणजे बंगालीच, असं आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं आणि पहिल्या दिवशी जेवायला बोलवायचं म्हणून बाजारातून भलीमोठी सुरमई आणली. मीही उत्साहाने मोहरी वाटून कालवण केलं. गाडीतून उतरला तो सहा फुटी, लाल मानेचा, पांढऱ्या दाढीचा अमेरिकन. बिचाऱ्याने नाक पुसत पुसत सगळं कालवण संपवलं आणि वर वाटी पुढे केली. मला माणूस तिथेच आवडला.

साठीच्या पुढचा, एकटा. मुलंबाळं नव्हती. संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचा, काळा चहा प्यायचा आणि फारसं बोलायचा नाही. भिंतीवर माझ्या माहेरच्या शेताचा एक मोठा फोटो आहे, भावाने काढलेला. लावणी चाललीय, बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर इरली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. रॉय त्या फोटोकडे पुन्हा पुन्हा बघायचा. मी आपली खूश. म्हटलं, साहेबाला कोकण आवडलेलं दिसतंय, यांना एकदा घेऊन जायला हवं.

त्या वर्षी घरात केतकीचं राज्य होतं. भाजी तिला विचारून, पाहुणे तिला विचारून. इतिहास तिच्या डोक्यात शिरायचा नाही, म्हणून माझ्यासमोर बसून ती धडे सांगायची. तिचं मराठी इथल्या शाळेतल्या सगळ्या पोरांसारखं, भिंत धरून चालणारं. एका दुपारी इंडोचायनाचा धडा निघाला.

"आई, अमेरिकेला वाटलं, एका कंट्रीत कम्युनिझम आला ना, की मग त्याचा शेजारी, मग त्याचा शेजारी, सगळेच फॉल होणार."

"मग?"

"मग ते व्हिएतनाममध्ये फाइट करायला गेले. इतक्या लांब. आणि त्यांच्या स्वतःच्या लोकांनाच ते नको होतं. स्टुडंट्स रस्त्यावर आले, नारे वगैरे. मुलांना जबरदस्तीने पाठवत होते ना."

"कुणालाच नको होती ती लढाई, तर लढत कोण होतं?"

केतकीने पान उलटलं, परत मागचं बघितलं. "ते नाही दिलेलं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने ओसरीवर रॉयला सरळ इंग्रजीत विचारलं, "अंकल, तुम्ही होतात का व्हिएतनामला?" मी आतून डोळे वटारले, पण ती माझ्याकडे बघेल तर ना. रॉय म्हणाला, "होतो. एक वर्ष." लढलात का, तर नाही. विमानतळावर पिंपं ढकलायचो, म्हणाला. विमानात औषध भरायचो.

"कसलं औषध?"

"झाडांची पानं गाळायचं. जंगलात लपलेली माणसं वरून दिसावीत म्हणून."

"एजंट ऑरेंज!" केतकी ओरडलीच. "आमच्या धड्यात आहे! चौकटीत आहे!" आणि धावत जाऊन पुस्तकच घेऊन आली. रॉयने तिला वाचायला लावलं. तिने परीक्षेत वाचतात तसं खणखणीत वाचलं. विष जमिनीत कसं उरलं, पुढे लहान मुलांचे मेंदू आणि हाडं कशी बिघडली, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला.

मी केतकीला चांगलीच फैलावर घेतली. पण खरं सांगायचं तर मलाही राहवेना. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंच, की ते गावांतले कम्युनिस्ट नक्की करायचे तरी काय? रॉयने मान वर केली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"हे करायचे," तो म्हणाला.

मी फोटोकडे बघितलं. त्यात डावीकडून तिसरी माझी आई आहे. त्या दिवसापर्यंत मी त्या फोटोकडे अभिमानाने बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, वरून विमानातून ही माणसं कशी दिसत असतील.  त्या रात्री मी फोटो उतरवून ठेवला आणि सकाळी परत लावला, कारण ह्यांनी विचारलं असतं आणि मला सांगता आलं नसतं.

आता पाणपोईचं. माझ्या माहेरी गावाच्या वेशीवर आमच्या घरची पाणपोई असायची. आपल्याकडे ती पाडव्याला बसते, पण इथलं ऊन काही पाडव्यासाठी थांबत नाही. केतकीची परीक्षा जवळ आली तशी मला हौस आली की यंदा बोरीखाली पाणपोई घालायची. तहानलेल्यांचे आशीर्वाद लागतील पोरीला. माठ कुठून आणणार? हे म्हणाले, मी पिंप आणतो. बरक्यात शेतीच्या बी-बियाण्यांचं, औषधांचं दुकान चालवणारे हुसेनभाई आमच्या रत्नागिरीकडचे, हर्णैचे. त्यांच्या आवारात रिकाम्या निळ्या पिंपांची रांगच असते. त्यांनी एक हसत हसत दिलं. इथे कुठल्याही मळ्यावर जा, असली पिंपं दिसतील. कुणी पाणी साठवतं, कुणी धान्य, कुणी अर्धं कापून त्यात आंघोळ करतं.

मी ते पिंप धुतलं म्हणजे कसं धुतलं! साबणाने, मग चिंचेच्या पाण्याने, मग मिठाने घासून, मग कडक उन्हात उपडं. रोज डोकं आत घालून वास घ्यायचा. वास गेला. आणि वास गेला की विष गेलं, ही आपल्या बायकांची समजूत. भांडं आपल्या हाताने घासलं की ते आपलं झालं, असंच आपण मानतो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ते बोरीखाली चौरंगावर चढलं. वांग्यांच्या कडेने मी झेंडू लावला होता, त्याची केशरी माळ करून पिंपाच्या पोटावर बांधली. पहिला पेला केतकीने भरला आणि तिनेच प्यायला. बागेत काम करणारा शफीक आणि बाकीचे बांगलादेशी कामगार येऊन पिऊन गेले. "भाभी, बहुत ठंडा है," म्हणाले. मला काय आनंद झाला होता! रॉय त्या दिवसांत कॉलेजच्या कामाला सोहारला गेला होता.

शुक्रवारी सकाळी तो परतला. सुट्टीचा दिवस, सगळे फाटकापाशीच होते. केतकी हातात पुस्तक धरून बोरीखाली पेला भरत होती. रॉयची गाडी वळली, थांबली, आणि तो माणूस दार उघडं टाकून धावत आला. या वयात तो एवढ्या जोरात धावू शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याने केतकीच्या हातावर फटका मारला. पेला उडाला. मग त्याने दोन्ही हातांनी पिंप ढकललं, ते हललं नाही तर लाथ घातली, आणि भरलेलं पिंप चौरंगासकट आडवं झालं. सगळं पाणी वाळूत गेलं.

 केतकी हात धरून उभी. मग माझा तोल सुटला. पाणपोई लवंडणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी तोंडाला येईल ते बोलले, शुद्ध कोकणी शिव्यांसकट, मराठीत. आमचे हे, मुंगीलाही न दुखावणारे, त्याच्या छातीला छाती लावून उभे राहिले. "हे काय वागणं झालं? माझ्या मुलीला हात लावता?" रॉयला कुणाचंच ऐकू येत नव्हतं. तो पडलेल्या पिंपाकडे बघत एकच प्रश्न परत परत विचारत होता.

"यात काय होतं? यात आधी काय होतं?"

 खरंच आम्हाला माहीत नव्हतं. हुसेनभाईंनी दिलं म्हणून आणलं, मी धुतलं, संपलं. कागद सोलून निघालेला होता. केतकीचा चेहरा मी बघितला. तिला धडा पाठ होता. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

ह्यांनी तिथल्या तिथे हुसेनभाईंना फोन लावला, स्पीकरवर. हुसेनभाई दिलखुलास माणूस. "अवो, त्यात तण मारायचं औषध होतं. गवत जळतं त्याने, बस. इकडं समदेच वापरतात ती पिंपं. वहिनींनी धुतलंय ना? मग टेन्शन नको. माणसाला काय होत नाय त्याने."

माझा जीव भांड्यात पडला. शफीक हसला. ह्यांनी सुस्कारा सोडला. मी रॉयकडे वळले, आता जरा तोऱ्यातच, आणि हुसेनभाई जे म्हणाले ते शब्दशः इंग्रजीत त्याला सांगितलं. फक्त गवताचं औषध होतं. माणसाला काही होत नाही.

रॉय मटकन वाळूत बसला, त्या चिखलातच.

"आम्हाला हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "हेच शब्द."

उन्हात बसूनच त्याने पुढचं सांगितलं. केतकीने मला ते हळूहळू मराठीत सांगितलं, मधेमधे शब्द शोधत, आणि म्हणून ते आजही मला तिच्याच आवाजात आठवतं. विमानात औषध भरून झालं की रिकामी पिंपं मागे उरायची. लोखंडी, मजबूत, पोटावर नारंगी पट्टा. तळाजवळ एक गाव होतं. तिथल्या बायका पाण्यासाठी लांब जायच्या. रॉय वीस वर्षांचा. बळजबरीने भरती झालेला, बंदूक चालवावी लागत नाही म्हणून देवाचे आभार मानणारा. त्याला वाटलं, इतकी चांगली पिंपं फेकायची कशाला? त्याने ती धुतली. स्वतःच्या हाताने, साबण लावून, घासून, उन्हात वाळवून. आणि एकेक करून गावात नेऊन दिली. बायकांनी त्याला अख्खा फणस दिला. तो म्हणाला, त्या सबंध वर्षात माझ्या हातून घडलेलं एकच चांगलं काम, असं मी पुढे कितीतरी वर्षं समजत होतो.

घरी परतला तर बहीण बोलेना. ती युद्धाच्या विरोधात मोर्च्यांना जायची. तिने त्याला तोंडावर खुनी म्हटलं. तो म्हणाला, अगं, मी एक गोळी झाडली नाही, उलट मी लोकांना पाणी भरायला पिंपं दिली. आणि मग काही वर्षांनी एका सकाळी त्याने पेपर उघडला, त्यात तिथल्या बाळांचे फोटो होते.

"तुम्ही परत गेलात त्या गावात?" ह्यांनी विचारलं. त्यांचा राग केव्हाच गेला होता.

"नाही. माझ्यात ते बघायची हिंमत नव्हती. लग्न केलं, पण मूल होऊ दिलं नाही. एवढंच केलं."

मी त्याच्या हातांकडे बघत होते. नखं स्वच्छ कापलेली, मोठे पंजे. या हातांनी घासलेली पिंपं. मग माझ्या हातांकडे बघितलं. मला युद्ध म्हणजे काय ते तोवर कधी कळलं नव्हतं. ते कुठेतरी लांब, सैनिकांचं, टीव्हीवरचं असतं असं वाटायचं. ते असं साबण लावून, वास घेऊन, हौसेने माणसाच्या घरात येऊन बसतं, याचा मला जो धक्का बसला तो आजही जिरलेला नाही. चिखलात पडलेली ती केशरी माळ मी उचलली आणि कुठे टाकू ते मला कळेना.

दवाखान्यात गेलो. सगळे गेलो, शफीकसुद्धा. तिथल्या डॉक्टरने पोट दाबलं, जीभ बघितली, रक्त घेतलं, म्हणाला ठीक आहे, काही त्रास झाला तर या. त्रास कुणालाच झाला नाही. अर्बाबला कळलं तेव्हा तो रॉयच्या शेजारी बराच वेळ बसला. त्याच्या लहानपणी इथेही, लांब दक्षिणेच्या डोंगरात, कम्युनिस्टांशी लढाई झाली होती आणि त्याचा मामा तिकडे गेला होता, असं तो सांगत होता. "खलास, ते सगळं खलास," म्हणून तो उठला. रॉयने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मला ओळखता आलं नाही. निळं पिंप ह्यांनी हुसेनभाईंच्या समोर कुऱ्हाडीने फोडलं. हुसेनभाईंना आम्ही वेडे वाटलो असू. पण त्या दिवसानंतर त्यांनी पिंप वाटणं बंद केलं, एवढं खरं.

आठवड्याभराने केतकीचा इतिहासाचा पेपर झाला. मी बसच्या थांब्यावर उभी होते.

"आला होता," ती उतरता उतरता म्हणाली. "तीन मार्कांना."

"लिहिलंस?"

"लिहिलं ना. पुस्तकातलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मार्कांचं नव्हतं, आई," ती म्हणाली आणि दप्तर माझ्या हातात देऊन पुढे चालायला लागली. त्यानंतर त्या शुक्रवारबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. आपण होऊन कशाला आठवण काढा, पोर विसरलीय तर विसरू दे, असं मी धरून चालले. कॉलेजला ती पुण्याला गेली, तिथेच नोकरी लागली, लग्नही तिथेच झालं. तिचं मराठी आता भिंत सोडून धावतं.

रॉय पुढच्या वर्षी बरका सोडून गेला. जायच्या आधी बहल्याला जाऊन त्याने हे दोन माठ आणले, गाडीत मागच्या सीटवर पट्टे बांधून, आणि माझ्या ओसरीवर ठेवले. "यांच्यात आधी काही नव्हतं," एवढंच म्हणाला. मी त्याला सुरमईचं कालवण बांधून दिलं. त्या वेळी मी त्याला नीट काही म्हणू शकले नाही. माझ्या पोरीच्या हातावर तू मारलेला तो फटका मी जन्मभर विसरणार नाही, हे मला त्याला सांगायचं होतं, आणि कुठल्या अर्थाने तेही सांगायचं होतं.

आज सकाळी माठ धुवून पालथे घातले, तेवढ्यात केतकीचा फोन आला. तिला पाचवा महिना आहे. काल मोठी सोनोग्राफी होती, ते मला माहीत होतं आणि रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. का, ते ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

"सगळं नॉर्मल आहे, आई. हात, पाय, मणका, हृदय, सगळं दाखवलं त्यांनी. बोटं मोजली मी."

"बरं झालं गं बाई," मी म्हटलं. कुंपणापलीकडे ती मल्याळी पोर घोकतच होती.

 केतकी म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारलं. बोरीखालच्या त्या पाण्याचं."

मी खाली ओल्या वाळूवर बसले. म्हणजे इतकी वर्षं ती काहीच विसरली नव्हती. पिंप आडवं झालं ते, रॉयचे शब्द, चौकटीतला तो मजकूर, हे सगळं घेऊन ती पुण्याला गेली होती, लग्नाला उभी राहिली होती आणि काल त्या अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत एकटीच बोटं मोजत होती.

"ते हसले," ती सांगत होती. "म्हणाले, इतक्या वर्षांपूर्वीचं ना, तेही दोन दिवस, त्याने काही होत नाही." मग तिचा आवाज एकदम दहावीतला झाला. "नाही ना गं होत, आई? तू सांग ना."

पोरगी पडली, खरचटली, तापाने फणफणली, की 'काही होत नाही' हे जे शब्द मी हजारदा बोलले असेन, ते बोलायला मी तोंड उघडलं. समोर माठ उन्हात वाळत होते. फोनवर ती वाट बघत होती. ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात.